मुठीखालची चार बोटं

२ फेब्रुवारी

गंजमर्दिनी, तैलचिंधीधारिणी, माझी एकुलती एक मामेबहीण ठकू हिला आतेभावाचा लोळून नमस्कार. लोळून अशासाठी, की पाठ धरली आहे आणि हे पत्र मी आडवा पडून लिहितो आहे.

त्रैमासिकाचा अंक सोबत पाठवला आहे. पान सत्तावीस उघड. मामांच्या जुन्या तलवारींवरच्या पुस्तकाचं परीक्षण अखेर छापून आलं. ‘चाळीस वर्षांची तपश्चर्या’, ‘प्रत्येक शस्त्रागाराच्या टेबलावर असायलाच हवं’ वगैरे सगळं यथास्थित आहे. अकराव्या प्रकरणाबद्दल, म्हणजे मुठी सोडवण्याच्या आणि पाती साफ करण्याच्या कृतींबद्दल, ‘कारागिराने निर्धास्तपणे उघडून समोर ठेवावं’ असंही लिहून टाकलं आहे. तुझी वहिनी वाचून म्हणाली, ‘‘हे परीक्षण आहे की लग्नाची पत्रिका? सगळेच कसे सुप्रसिद्ध आणि सुशील!’’ तिला काय कळतंय! आमच्या विषयाला एकूण वाचक चाळीस. त्यातले अडतीस लेखक आहेत आणि उरलेले दोघं टपालखात्यातले. इथे कोणी कोणाला बोल लावला, तर पुढच्या अंकात त्याच्या पुस्तकाचे तुकडे पडतात.

बाकी मी प्रामाणिकपणे वाचलं हो. भांड्यातलं एक शीत दाबून अख्खा भात शिजलाय का ते सांगायचं, याला आमच्या शास्त्रात स्थालीपुलाकन्याय म्हणतात. मी तर चांगली मूठभर शितं दाबली. शिजली आहेत.

मामांना वाचून दाखव. काय म्हणाले ते शब्दशः कळव. पदवी परीक्षेच्या निकालाचीही इतकी वाट पाहिली नव्हती.

तुझा,
पंडितदादा


९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पाठीला शेक घे आणि आडवं पडून लिहू नकोस. तुझं अक्षर उताराला लागतं.

बाबांना परीक्षण वाचून दाखवलं. एका बैठकीत नाही जमलं, दोन संध्याकाळी लागल्या. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं, आणि उजवा हात कपबशी वाजवल्याशिवाय धरत नाही. डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, ‘‘झालं?’’ मी म्हटलं, ‘‘झालं.’’

‘‘चुका कुठल्या पानांवर आहेत म्हणतो?’’

‘‘एकही नाही म्हणतो, बाबा.’’

त्यावर नुसतं ‘‘हं’’ म्हणाले आणि रेडिओ लावायला सांगितला. मला वाटतं, भरून आलं असावं. तू त्यांचा लाडका. सगळ्या विद्यार्थ्यांत तुझ्याच वहीवर ते लाल शाईने कमी लिहायचे.

आता माझं काम. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू विनोद करतोस, मी हसते आणि विचारायचं राहून जातं. म्हणून हे नीट वाच.

संग्रहालयात सध्या माझ्या टेबलावर आमच्याकडची सगळ्यात देखणी तलवार आहे. तिच्या पोलादात वरपासून खालपर्यंत पाण्याच्या लाटांसारख्या रेषा आहेत. आम्ही त्याला जौहर म्हणतो. मुठीखाली सोन्याच्या तारेने जडवलेली अक्षरं आहेत. पात्याचं शेपूट मुठीच्या पोकळीत लाख ओतून बसवलेलं असतं. ती लाख तडकली आहे, मूठ खुळखुळते. ती उतरवून साफ करायची आणि पुन्हा बसवायची. असं पोलाद करणारे हात आता जगात नाहीत, तेव्हा एकदा बिघडलं की बिघडलं.

आमचे उस्ताद, ज्यांच्या हाताखाली मी शिकले, ते मूठ सोडवायला उकळत्या पाण्यातून काढलेली फडकी गुंडाळायचे. दोन तास लागायचे, बोटं भाजायची, पण मूठ लोण्यासारखी निघायची. बाबांच्या पुस्तकात पान दोनशे बारावर वेगळंच आहे. मुठीखालचा भाग पोलादावर निळी झाक येईपर्यंत ज्योतीवर धरावा. एवढी आच मला फार वाटतेय. उस्ताद गेले, त्यांना विचारता येत नाही. बाबांना विचारलं, तर म्हणाले, ‘‘तलवारींच्या जुन्या पोथीत आहे. पंडिताने उतरवून घेतलंय. त्याने वाचलंय आता, त्याला विचार.’’

म्हणून विचारते. वाचताना तुला इथे काही खटकलं का? संचालकांना हे काम पुस्तकाप्रमाणे झालेलं हवंय. तुझं परीक्षण त्यांनी फळ्यावर लावलंय. चोवीस तारखेला हात घालणार आहे.

तुझी,
ठकू


१४ फेब्रुवारी

प्रिय ठकूबाई,

मला काही खटकलं का? अगं, मला जगातलं सगळंच खटकतं, नाहीतर संस्कृत शिकवायला कशाला गेलो असतो? वर्गात सात मुलं आहेत. त्यातल्या चौघांनी वेळापत्रकात जागा रिकामी होती म्हणून हा विषय घेतलाय आणि एकाला वाटतं, की हे संगीताचं आहे.

शेकाने पाठीची कळ उतरली. डॉक्टर म्हणाले, वय झालं. त्यांना दक्षिणा देऊन हे ऐकावं लागलं. आरशाने फुकट सांगितलं होतं.

तुझ्या तलवारीचं म्हणशील, तर मामांनी लिहिलं आहे म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार. तरी आच बेताची ठेव. घाई नको. तुझ्या उस्तादांची रीतही काही वाईट नव्हती, पण पोथ्यांचं म्हणणं निराळं असतं आणि कारागिरांचं निराळं. दोघेही आपापल्या जागी थोर. शेवटी हात तुझा, डोळा तुझा. तुझ्या हातावर माझा मामांच्या लेखणीइतकाच विश्वास आहे.

संचालकांनी माझं परीक्षण फळ्यावर लावलं, हे वाचून गहिवरलो. आमच्या कॉलेजात फळ्यावर फक्त थकबाकीदारांची नावं लागतात.

मामांच्या त्या ‘‘हं’’चा सूर कसा होता? वरचा की खालचा?

तुझा,
पंडितदादा


२७ मार्च

दादा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. तू दोन पत्रं पाठवलीस, तीही न फोडता पडून होती. रागावू नकोस.

चोवीस फेब्रुवारीला सकाळी पुस्तक लाकडी घडवंचीवर उघडं ठेवलं, पान दोनशे बारा. ज्योत पेटवली. तू म्हणाला होतास आच बेताची ठेव, म्हणून बारीक केली. पहिल्या दोनच मिनिटांत लाखेचा वास आला, मग ती पाघळायला लागली. मूठ हातात हलत होती, दादा. तेव्हाच निघाली असती. माझे हात म्हणत होते, पुरे. पण पुस्तकात होतं, निळी झाक येईपर्यंत, आणि पोलाद तर काळंच दिसत होतं. शंभर वर्षांच्या तेलाने काळवंडलेलं पातं, त्यावर निळं कुठून दिसणार? हे मला आत्ता कळतंय. तेव्हा वाटलं, आत कुठेतरी लाख घट्ट असेल, म्हणून झाक यायची थांबलीय. मी वाट पाहिली. ज्योत थोडी मोठी केली. एकदम मुठीखाली मंद तांबडं दिसलं. निळं आलंच नाही.

चार बोटं. मुठीखालची चार बोटं रुंदीची जागा. जौहर गेलं. आरसा पुसावा तशा लाटा पुसल्या गेल्या आहेत. सोन्याची तीन अक्षरं उचलली गेली. दुसऱ्या दिवशी तपासनिसांनी पातं हलकेच वाकवून पाहिलं, ते वाकलं आणि तसंच राहिलं. ते माझ्यासमोर टेबलावर ठेवून त्यांनी नोंद लिहायला घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीस एप्रिलला चौकशी समिती बसणार. पंचवीसपर्यंत मला लेखी जबाब द्यायचा आहे. मी लिहून ठेवलाय. ‘पुस्तकातील सूचना अचूक होती, माझ्याकडून आच जास्त झाली.’ तू बेताची ठेव म्हणाला होतास, मी मोठी केली. हे खरंच आहे ना?

बावीस वर्षं मी पोलादाला हात लावतेय. आता सुई ओवता येत नाही. बाबांना काही सांगितलेलं नाही. ते रोज विचारतात, ‘‘मूठ निघाली का गं?’’ मी म्हणते, ‘‘निघाली, बाबा.’’ खोटं नाही, निघाली.

ठकू


२ एप्रिल

ठके,

तुझं पत्र आल्यापासून अन्न गोड लागत नाही. विनोद सुचत नाही, हे वहिनीच्या आधी विद्यार्थ्यांच्या लक्षात आलं.

पहिली गोष्ट: तो जबाब देऊ नकोस. चूक अंगावर घ्यायची इतकी कसली घाई? लिही, की पोलादात मुळातच दोष असावा. लिही, की त्या जागी पूर्वी कोणीतरी डागडुजी केली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. समित्यांना ‘नाकारता येत नाही’ हे शब्द फार आवडतात. तीन वर्षं मीही एका समितीवर होतो. आम्ही कशालाच नकार दिला नाही.

दुसरी गोष्ट, आता सांगतोच. ते वाक्य वाचताना मलाही किंचित शंका आली होती. किंचितच. परीक्षणाच्या पहिल्या मसुद्यात त्यावर एक परिच्छेदही होता. मग काढला. मामांचे डोळे गेलेले, आयुष्यात हे एकच पुस्तक, तेही पंच्याऐंशीव्या वर्षी, आणि त्यावर पहिलं बोट भाच्याने ठेवायचं? ज्यांनी मला अक्षर ओळखायला शिकवलं, त्यांची अक्षरं मी चारचौघांत खोडायची? हात धजला नाही. वाटलं, करणारा शहाणा असतो, हाताला कळतं, कोण शब्दशः तसं करणार आहे!

तू केलंस. तुझ्या हाताला कळत होतं, तरी केलंस. हे वाक्य मी सकाळपासून वाचतोय.

जबाबाचं मात्र ऐक. पोलादात दोष.

दादा


७ एप्रिल

दादा,

‘किंचित’ म्हणजे किती बोटं? माझ्याकडे चार आहेत.

मी तुला सरळ विचारलं होतं. फोन टाळून, पत्रात, नीट वाच असं सांगून. तू मला तुझ्या वर्गातल्या सात मुलांची गोष्ट सांगितलीस.

पोलादात दोष नव्हता. ज्याने ते केलं, तो मरून तीनशे वर्षं झाली, त्याला उत्तर देता येत नाही, म्हणून त्याच्यावर ढकलायचं? हे तू मला सुचवतोस! बाबांनी ऐकलं असतं तर तुला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

आणि ऐक. दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयातून एका बाईंचं पत्र आलंय. माझ्यासारखंच काम करतात, वयाने लहान असाव्यात, मला ‘मॅडम’ म्हणतात. तुझं परीक्षण वाचून त्यांनी बाबांचं पुस्तक मागवलं. त्यांच्याकडे अशाच सहा तलवारी आहेत, सहाही मुठी सैल. एप्रिलअखेर काम काढणार आहेत, काही सूचना असल्यास कळवा, म्हणतात.

मी काय कळवू? मी नको म्हटलं, तर त्यांचे वरिष्ठ म्हणतील, हिने तलवार जाळली आणि आता बापाच्या पुस्तकावर खापर फोडते. माझ्या शब्दाला आता काडीची किंमत नाही. तुझ्या शब्दाला आहे. फळ्यावर लागतो तुझा शब्द.

खरं परीक्षण लिही. तो काढलेला परिच्छेद घाल आणि का काढला होतास तेही लिही. पंचविसाच्या आत. माझ्यासाठी नको करूस. माझं व्हायचं ते झालं. त्या सहा तलवारींसाठी कर.

बाबांना काय वाटेल ते आता माझ्यावर सोड. त्यांच्याजवळ रोज मी बसते.

ठकू


१६ एप्रिल

ठकू,

सोबत छापील कागद आहे. तो आधी वाचू नकोस, हे आधी वाच. कागदात जे आहे ते चाळीस जणांना कळेल, पण तुला ते त्यांच्याबरोबर कळायला नको.

मी किंचित शंका म्हणालो होतो. शंका नव्हती, मला माहीत होतं.

मी बावीस वर्षांचा असताना मामांकडे राहून ती पोथी उतरवून घेतली, हे तुला ठाऊक आहे. सुटी पानं, शिवण नाही, आणि कडेचे आकडे कसरीने खाल्लेले. दमट झाली होती म्हणून उतरवायच्या आधी मामांनी ती उन्हात घालायला सांगितली. दुपारी आत आणताना मी उंबऱ्याला अडखळलो आणि सगळा गठ्ठा ओसरीभर पसरला. सव्वाशे पानं. घरात कोणाला चाहूल लागली नाही. मी गुडघ्यांवर बसून अर्थ लावत ती रचली. कुठे अर्थ जुळला, कुठे मी जुळवला. पंडित म्हणून तेव्हापासूनच हाक मारायचे मला, तर पानांनी माझं ऐकायला नको?

आठ वर्षांपूर्वी दूरच्या एका ग्रंथालयात मला त्याच पोथीची दुसरी प्रत दिसली. शिवलेली, आकड्यांसह. तिच्यात मूठ सोडवण्याच्या पानानंतर गरम पाण्याच्या फडक्यांचं पान आहे. तुझ्या उस्तादांची रीत, अक्षर न् अक्षर. निळ्या झाकेचं पान सहा पानं पुढे आहे, आणि ते नव्या, चकचकीत पात्याला शोभेचा रंग चढवण्याबद्दल आहे. दोन पानं मी एकापुढे एक ठेवली, मामांनी विश्वासाने त्यांचं एक वाक्य केलं, आणि तू त्या वाक्यावर ज्योत धरलीस.

ग्रंथालयातून परत आलो तेव्हा मामा लिहीतच होते. एका पोस्टकार्डाचं काम होतं. लिहिलं नाही. मग पुस्तक आलं, परीक्षण माझ्याकडे आलं, तेव्हाही नाही. मामांच्या म्हातारपणाची ढाल मी पुढे केली. तिच्यामागे मीच लपलो होतो.

पुस्तकाचं मन दुखवू नये म्हणून ज्याने मौन धरलं, त्याच्या घरी कोणी तलवार घेऊन येत नाही. ती तुझ्यासारखीच्या टेबलावर येते. एवढी साधी गोष्ट कळायला मला तीस वर्षं आणि तुझी चार बोटं लागली.

त्रैमासिकाच्या संपादकांना लेख दिला. म्हणाले, ‘‘अहो, एकदा केलेलं कौतुक मागे घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘मग आजपासून पाडा.’’ मेचा अंक छापायला गेला, पुढच्यात बघू म्हणाले, म्हणजे ऑगस्ट. म्हणून स्वतःच छापून घेतला. वर्गणीदारांची यादी माझ्याकडे होतीच. चाळीस पाकिटं, शिवाय तुमची समिती, शिवाय त्या सहा तलवारींच्या बाई. त्यांचं पाकीट रजिस्टर केलं आहे. वहिनीने सगळी आपण होऊन चिकटवली. लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं.

मामांची प्रत तुझ्या पाकिटात आहे. वाचून दाखव किंवा नको. तू म्हणशील तसं.

तुझा,
जो काही उरलो आहे तो

*(सोबतच्या छापील कागदातून)*

‘... हे पुस्तक मोठं आहे आणि त्याचं अकरावं प्रकरण घातक आहे. ही दोन्ही विधानं खरी आहेत. फेब्रुवारीच्या अंकात मी फक्त पहिलं केलं. पान २१२ वरील कृती कोणीही करू नये. ती एका कृतीची सुरुवात आणि दुसऱ्या कृतीचा शेवट आहे. आदरणीय ग्रंथकारांनी ज्या नकलेवर विसंबून ती लिहिली, तिच्या मूळ पोथीची पानं प्रस्तुत परीक्षकाच्या हातून विस्कटली होती, आणि ही गोष्ट प्रस्तुत परीक्षकाला निदान आठ वर्षं ठाऊक होती. या कृतीने एक तलवार कायमची गेली आहे. ज्या हातांनी ती गेली, त्यांचा दोष एवढाच, की त्यांनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला...’


४ मे

दादा,

खालचं पत्र बाबांचं आहे. ते बोलले, मी लिहिलं. मध्ये काही घातलं नाही, काही गाळलं नाही.

‘पंडिता,

तुझा कागद ठकूने तीन वेळा वाचला. पहिल्या वेळेस आम्ही दोघंही नीट ऐकू शकलो नाही. तिसऱ्या वेळेस मी तो परीक्षकाच्या कानाने ऐकला.

एक. ‘आदरणीय’ चार वेळा आलं आहे. चारही काढ. धार लावायच्या दगडावर कोणी तूप ओतत नाही.

दोन. काय करू नये ते लिहिलंस. काय करावं ते अर्धंच. फडकी किती वेळा बदलायची, पातं कशात गुंडाळून कोरडं ठेवायचं, हे नाही. त्या सहा तलवारींच्या बाईने काय, नुसतं हात बांधून बसायचं? ठकूला सगळं येतं. तिला विचारून पुन्हा छाप. तिचं नाव घाल.

तीन. ‘ज्या हातांनी ती गेली, त्यांचा दोष एवढाच’ हे वाक्य खोटं आहे. तिने आता मला सगळं सांगितलंय. मूठ सुटल्यावरही आच चालू ठेवली, हा दोष आहे. ठकू हे लिहिताना थांबली होती. मी म्हटलं, लिही.

चार. ‘घरात कोणाला चाहूल लागली नाही’ असं तू तिच्या पत्रात लिहिलंस म्हणे. चूक. त्या दुपारी मी आतल्या दाराशी उभा होतो. पानं पडलेली मी पाहिली. तू गुडघ्यांवर होतास आणि तुझा चेहरा असा झाला होता, की मला पुढे यायचा धीर झाला नाही. मी मागे सरकलो. तासाभराने चपला वाजवत बाहेर आलो, तोवर तुझं रचून झालं असेल म्हणून. तू म्हणालास, ‘‘वाळली, मामा.’’ मी म्हटलं, ‘‘शाब्बास.’’

पुढे पन्नास वेळा ती पानं हाती घेतली. दर वेळी वाटलं, एकदा विचारावं, सगळं जागच्या जागी आहे ना रे. पोराला वाईट वाटेल म्हणून राहिलं. फेब्रुवारीत ठकू तुझं परीक्षण वाचत होती, तेव्हा मी त्याच एका चुकीची वाट पाहत होतो, की आता तरी हा सांगेल. तू सांगितलं नाहीस. आणि मला माहीत असून मीही ठकूला म्हटलं, त्याला विचार.

तेव्हा चुकलेल्यांच्या यादीत पहिलं नाव माझं घाल. नव्या आवृत्तीची जुळणी थांबवायला सांगितली आहे. अकरावं प्रकरण निघेल. बाकीची चौदा तू वाच, आणि या खेपेला वाच.

मामा’

आता माझं.

समिती तीस तारखेला बसली. तुझा कागद प्रत्येकाच्या समोर होता. मी माझा आधीचा जबाब दिला नाही. जसं घडलं तसं लिहून दिलं, मूठ हलत होती त्यासकट. अध्यक्षबाई चांगल्या आहेत. त्यांनी निष्काळजीपणाचा शेरा मारला नाही, निवृत्तीचे लाभ राहतील म्हणाल्या. मग निर्णय वाचला. ‘जी व्यक्ती हाताला कळत असूनही छापील शब्दापुढे मान तुकवते, तिच्याकडे पोलाद सोपवता येणार नाही.’ वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाल्या, ‘‘मला हे सौम्य करता आलं असतं. करू का?’’ मी म्हटलं, ‘‘नको, राहू दे.’’

येत्या सोमवारपासून मी नोंदविभागात. जुन्या छायाचित्रांना क्रमांक घालायचे.

त्या सहा तलवारींच्या बाईंना मी फडक्यांची सगळी कृती लिहून पाठवली. त्यांचं उत्तर आलं. एक मूठ निघाली म्हणतात, दोन तास लागले, बोटं भाजली. मी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं नाही. आधी माझं मलाच दोन दिवस वाचायचं होतं.

आज टेबल आवरलं. तेलाच्या बाटल्या, चिंध्या, पितळी ब्रश, सगळं नव्या येणाऱ्या बाईंसाठी ठेवलं. बाबांचं पुस्तकही तिथलंच आहे, ते कुठे नेणार? तुझा छापील कागद पान दोनशे बारावर चारही कडांना डिंक लावून चिकटवला. खालचं अक्षर दिसू नये म्हणून दोन प्रती एकावर एक लावल्या. डिंक वाळेपर्यंत पुस्तक मिटता येईना. मी शेजारी बसून राहिले. दुसरं काही काम नव्हतं.

ठकू